परिच्छेद चौदा

अर्ज खिडकीतून आत आला तेव्हा मी डबा उघडत होतो. दाव्याचा नंबर मी वाचला नाही, तो दिसला. गर्दीत घरचं माणूस पाठमोरं असलं तरी ओळखू येतं तसा. दोनशे अठरा, आणि पुढे सतरा वर्षांपूर्वीचं साल. डब्याचं झाकण मी टेबलावर पालथं ठेवलं, रुमालाने हात पुसले, चष्मा काढून परत घातला, आणि मग लक्षात आलं की आपण उगाचच फार व्यवस्थित वागतोय. मी असा व्यवस्थित वागायला लागलो की समजावं, घाबरलोय. खिडकीपलीकडे एक मुलगी उभी होती. मुलगी म्हणजे चोवीस वर्षांची बाई, पण मला ती मुलगीच दिसली, त्याला माझा इलाज नाही. खांद्याला पिशवी, केस घट्ट बांधलेले, आणि दोन्ही हात खिडकीच्या कडेवर असे ठेवलेले की आता कोणी खिडकी लावून घेणार असेल तर तिला ते चालणार नव्हतं. "काका," ती म्हणाली, "सही-शिक्क्याची नक्कल म्हणजे मुळात आहे तसंच असतं ना? एक अक्षर इकडचं तिकडे नाही?" मी म्हटलं, "नाही." "आणि मुळातच काही चूक असली तर?" "तर चुकीसकट." हे वाक्य मी दिवसातून दहादा बोलतो, आमच्या नक्कल विभागाचा धर्मच तो. तिने मान डोलावली. "तसं मला सगळं नकोय. एकच परिच्छेद बघायचाय, चौदावा. मी लहानपणी जजसाहेबांना काहीतरी सांगितलं होतं, ते." माझ्या मागून घड्याळने मान वर न करता आवाज दिला, "गुरुवारी या, ताई. जुनं प्रकरण आहे, तळघरातून काढावं लागेल." घड्याळ म्हणजे आमचा दुसरा कारकून, साडेपाचच्या ठोक्याला उठतो म्हणून हे नाव. ती "गुरुवारी" असं स्वतःशी म्हणत गेली. मी अर्ज पुन्हा पाहिला. त्यात एक रकाना असतो, नक्कल कशासाठी हवी. लोक तिथे 'कामासाठी' असं लिहून मोकळे होतात. हिने लिहिलं होतं: आई वारली, तिच्या सामानात निकालाची प्रत सापडली, पण तिची शेवटची पानं नाहीत आणि चौदावा परिच्छेद घडीवर झिजलाय, नीट वाचता येत नाही. डबा मी तसाच बंद केला. मंगळवार होता. माझ्या नोकरीचे अकरा दिवस उरले होते.

मी मूळचा नक्कल विभागातला नव्हे. मी स्टेनो. बत्तीस वर्षं साहेब लोक बोलले आणि मी लिहिलं. त्यातली नऊ वर्षं एकाच साहेबांकडे, तेच हे निकालवाले साहेब. ते मला नावाने कधी हाक मारत नसत, 'लेखणी' म्हणायचे. "चला लेखणी, बसा." मग सगळे लेखणी म्हणायला लागले, पुढे लेखणीकाका झालो, आणि आता तर माझं खरं नाव पगारपत्रकातच उरलंय. साहेब हळू बोलायचे. आमच्या कोर्टात सगळी घरातली भांडणं यायची: नवरा-बायको, मुलं कोणाकडे, म्हाताऱ्या आईबापाला कोणी बघायचं. दोन्हीकडचे लोक साक्षीत इतकं खरं बोलायचे की ऐकताना माझंच डोकं फिरायचं. हिचं ऐकलं की तो हलकट, त्याचं ऐकलं की ही कैदाशीण. एकदा मी विचारलं, "साहेब, तुम्हाला कळतं कसं, खरं कोणाचं?" तेव्हा ते मला निकाल लिहायला सांगता सांगता थांबले. म्हणाले, "लेखणी, पुष्कळदा कळतच नाही. पण म्हणून मी 'मला कळत नाही' असं लिहून उठू शकत नाही. ह्या दोघांना थांबता येत नाही म्हणून तर ते तिसऱ्याकडे आलेत. निवाडा म्हणजे खरं काय ते शोधून काढणं, असं लोकांना वाटतं. तसं झालं तर उत्तमच. पण मुळात निवाडा म्हणजे कोणीतरी जबाबदारी घेऊन म्हणणं, की बास, हे इथं थांबलं, आणि का थांबलं ते असं असं. ते 'असं असं' नीट लिहिलं पाहिजे. हरणाऱ्या माणसाला घरी न्यायला तेवढंच मिळतं." हे मी लघुलिपीत लिहून घेतलं होतं. साहेब हसले, म्हणाले, "अहो, हे घेऊ नका." पण सवय. हात थांबला नाही. एक म्हातारा आठवतो, एकोणीस वर्षं भावाशी भांडत होता आणि जिंकला; निकाल ऐकून तो बाकावरून उठेचना. शिपायाने विचारलं, आजोबा, काय झालं? तर म्हणाला, "मग आता पुढच्या तारखेला मी कुठे जायचं?" आम्ही सगळे पोट धरून हसलो होतो. आता मी निवृत्त होतोय तर तो म्हातारा रोज आठवतो, आणि हसू येत नाही.

दोनशे अठरामध्ये मुलगी सात वर्षांची होती. नवरा-बायको वेगळे झाले होते, त्याबद्दल तक्रार नव्हती; मुलगी कोणाकडे, एवढाच वाद. आई दवाखान्यात परिचारिका, नुकतीच तीन तासांच्या अंतरावरच्या गावी नोकरी लागलेली, एकच खोली भाड्याची, आठवड्यात तीन रात्री पाळी. बापाकडे राहतं घर, त्याची आई, शेजारी शाळा. बाप वाईट नव्हता. आई तर मुळीच नव्हती. असली प्रकरणं साहेबांना फार जड जायची. अशा वेळी ते मुलाला आपल्या खोलीत बोलावून घेत. वकील नाही, आईबाप नाही, खोलीत फक्त साहेब, मूल आणि कोपऱ्यात मी. मुलीने निळा स्वेटर घातला होता आणि तिचे पाय खुर्चीवरून जमिनीला पोचत नव्हते. साहेबांनी शाळेचं विचारलं, मैत्रिणीचं विचारलं, चित्रं काढतेस का विचारलं. ती काही बोलेना. मग त्यांनी अगदी हळू विचारलं, बाळ, तुला कोणाकडे राहायला आवडेल? ती नुसतीच बघत राहिली. साहेबांकडे नव्हे, माझ्याकडे. बहुधा मी दाराजवळ बसलो होतो म्हणून. आणि मला म्हणाली, "काका, आई बाहेर आहे ना?" मी साहेबांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, बघा म्हणून. मी उठून दार जरासं उघडलं. बोळकांडीत पाण्याच्या नळाशेजारी खांब आहे, त्याला टेकून तिची आई उभी होती, छातीशी मुलीचं दप्तर धरून. दार उघडल्याबरोबर तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी नजर चुकवली. आत येऊन म्हटलं, "आहे. बाहेरच आहे." मग मुलगी पाय हलवायला लागली. एवढंच. त्यापलीकडे ती एक शब्द बोलली नाही, आणि साहेबांनीही पुढे काही विचारलं नाही.

साहेबांची बदली त्याच आठवड्यात आली. बदली आली की ऐकून झालेल्या सगळ्या प्रकरणांचे निकाल देऊनच खुर्ची सोडावी लागते, नाहीतर नवा माणूस पहिल्यापासून सगळं ऐकणार. अकरा निकाल आणि चार दिवस. आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो, जी आम्ही बाहेर सांगत नाही. निकाल कोऱ्या कागदावर कोणीच सुरू करत नाही. संगणकात मागचा तसलाच निकाल उघडायचा, नव्या नावाने साठवायचा, नावं बदलायची, आणि मग एकेक परिच्छेद पुसून त्या जागी साहेबांनी सांगितलेला, वहीतला नवा मजकूर घालत जायचं. कायद्याची वाक्यं तीच असतात, ती कशाला पुन्हा बडवा? मी मुलीच्या ताब्याचाच एक जुना निकाल घेतला होता. त्यातही चौदावा परिच्छेद साहेबांनी मुलीला खोलीत बोलावल्याचाच होता. त्या मुलीने, ती वेगळीच मुलगी, सांगितलं होतं की तिला आईची भीती वाटते आणि आईकडे परत जायचं नाही. तेराव्या परिच्छेदापर्यंत मी आलो आणि फोन वाजला. घरून होता. आमच्या मुलीला ताप चढला होता, बायको घाबरली होती, काय करू, कोणत्या डॉक्टरकडे नेऊ. मी बोललो, धीर दिला, फोन ठेवला आणि पडद्याकडे पाहिलं. चौदा. मुलीला खोलीत विचारलं त्याबद्दल. झालं की हे टाइप करून, असं वाटलं. मी पंधराला लागलो. साहेब शेवटच्या दिवशी गठ्ठ्यावर गठ्ठा सही करत होते. दोनशे अठरा हातात घेऊन म्हणाले, "लेखणी, तुम्ही वाचलंय ना?" मी म्हटलं, "वाचलंय, साहेब." खरंच वाटत होतं मला की वाचलंय.

ते मला आठव्या दिवशी कळलं. बापाच्या वकिलाला काही तरी पाहायचं होतं म्हणून फाइल उघडली आणि चौदावर नजर पडली, तो जुन्याच निकालातला, तसाच राहिलेला. मी चौदा परत वाचला, मग वरचा दाव्याचा नंबर वाचला. साहेब दुसऱ्या गावी जाऊन खुर्चीवर बसलेही होते. आईची नक्कल चार दिवसांपूर्वीच गेली होती. अशी चूक दुरुस्त होते, नाही असं नाही. एक टिपण लिहायचं: माझ्या हातून असं असं झालं. त्यासाठी नियम आहे, रस्ता आहे. मी टिपण लिहिलंही. दोन वेळा. मग मनाशी वाद घालायला लागलो, आणि आमच्या कोर्टात बसून बसून मला वाद घालता येतो. निकाल काही चौदावर उभा नव्हता. साहेबांनी कारणं दिली होती, घर, शाळा, आजी, रात्रपाळी. चौदा काढला तरी मुलगी बापाकडेच गेली असती. मग कशाला साहेबांच्या नावाला बट्टा, कशाला चौकशी? आणि आईने अपील केलंच तर तिचा वकील हे वरच्या कोर्टात धरेलच. अपिलाला तीस दिवस असतात. मी रोज सकाळी आवक रजिस्टर बघायचो. रोज. नाकासमोर चालणारा माणूस मी, आणि चोरासारखा दुसऱ्याच्या टेबलावरचं रजिस्टर उलटत होतो. तिसावा दिवस गेला. अपील नाही. एकतिसाव्या दिवशी संध्याकाळी मी घरी आइस्क्रीम घेऊन गेलो. बायकोने विचारलं, आज काय विशेष? मी म्हटलं, काही नाही, उगाच. आमची मुलगी केव्हाच ताप उतरून खुटखुटीत झाली होती, तिने दोन वाट्या खाल्ल्या.

मी एका गोष्टीचा विचारच केला नव्हता: अपील का नाही आलं? तेव्हा वाटलं, बाईला पटलं असेल. पैसे नसतील. दमली असेल. माणसं दमतात. पण मंगळवारी तो अर्ज वाचला आणि लख्ख कळलं. वकिलाने जे लिहिलं त्याविरुद्ध माणूस भांडतो, साहेबाने लिहिलं त्याविरुद्धही भांडतो. पण पोटची पोरच म्हणाली की मला आईची भीती वाटते, तर आई कोणाविरुद्ध अपील करणार? त्या बाईने साहेबांचा निवाडा मानलाच नव्हता. तिने मुलीचा मानला होता. आणि तो मुलीचा नव्हता, तो माझा होता. फोन ठेवून पडद्याकडे बघणाऱ्या माणसाचा.

त्या संध्याकाळी मी माळ्यावर चढलो. लघुलिपीच्या वह्या ठरावीक वर्षांनी नष्ट करायच्या असतात. मी केल्या नाहीत. घरी आणून ठेवल्या, तीन खोकी. बायको खाली शिडी धरून होती. "निवृत्तीनंतर काय ते आवरायचं ठरलं होतं ना? आजच काय अंगात आलंय?" मी म्हटलं, एक वही हवीय. "एक वही! मला काय कळणार त्यातलं, सगळी गांडुळं काढून ठेवलीत." ती नेहमी असंच म्हणते. आणि खरं आहे, ती गांडुळं दुसऱ्या कोणाला वाचता येत नाहीत. लघुलिपी सगळे एकाच पुस्तकातून शिकतात, पण दहा वर्षांत प्रत्येकाच्या रेघा आपापल्या होतात. माझं लिहिलेलं दुसरा स्टेनो वाचू शकत नाही. वही सापडली. पान सापडलं. मी माळ्यावरच बसून वाचलं आणि मला रडू आलं, मोठ्याने नाही, पण शिडी धरलेल्या माणसाला कळेल इतकं. बायको म्हणाली, "खाली या आधी." खाली येऊन मी तिला सगळं सांगितलं. सतरा वर्षांत पहिल्यांदा कोणाला तरी. तिने मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही, ही बाई, जी मला चहात साखर किती इथपासून बोलू देत नाही. मग म्हणाली, "अकरा दिवस राहिलेत. आता उकरून काढलं तर पेन्शन अडकवतील. ती बाई गेली. साहेब गेले. तिघांत तुम्ही एकटे उरलात. कोणाला कळणारे?" मी म्हटलं, "मुलीला वाटतंय, ती म्हणाली होती." ती एकदम म्हणाली, "ते आइस्क्रीम." मी चष्मा पुसायला घेतला. "ते आइस्क्रीम तुम्ही त्यासाठी आणलं होतं." ती उठून आत गेली आणि नळ सोडून बराच वेळ भांडी घासत राहिली, घासलेलीच होती ती. बाहेर येऊन विचारलं, "पण झालंच कसं असं? तुम्ही तर एक कानामात्रा सोडत नाही." मी म्हटलं, "लक्ष नव्हतं." फोन तिचा होता, हे मी सांगितलं नाही. सांगणारही नाही. तेवढा निवाडा मी माझ्यापुरता करून टाकला. साधी भाजी कोणती आणायची ते ठरवता येत नाही, असं ती मला आयुष्यभर चिडवत आलीय.

बुधवारी तळघरातून फाइल आली. फीत सोडताना धूळ उडाली आणि घड्याळ शिंकला. मी नक्कल काढली आणि मुळाशी ताडून पाहायला बसलो. हेच आमचं काम: एकाने मूळ वाचायचं, दुसऱ्याने नक्कल धरायची. घड्याळ वाचत होता, एकसुरी, ठेका धरून. "परिच्छेद चौदा. मुलीला चेंबरमध्ये विचारले असता तिने स्पष्ट सांगितले की तिला आईची भीती वाटते व आईकडे परत जाण्याची तिची इच्छा नाही. मुलीचे हे म्हणणे कोणाच्या शिकवणीतून आल्याचे दिसत नाही." तो थांबला. "बरोबर?" मी म्हटलं, "बरोबर." काय म्हणणार? अक्षर न अक्षर तेच होतं. मग मी शिक्का उचलला, शाईच्या गादीवर दाबला आणि शेवटच्या पानावर उमटवला: खरी नक्कल. खाली सही केली. सही माझी नेहमीसारखीच आली, त्याचं मला नवल वाटलं. मनात आलं, उद्या रजा टाकावी. घड्याळ देईल नक्कल. ती वाचेल, घडी घालेल, जाईल, आईसारखीच. घरी गेलो तर बायकोने उद्याचा सदरा इस्त्री करून ठेवला होता आणि वही एका स्वच्छ पिशवीत घालून सदऱ्याशेजारी. तिने पेन्शनचं पुन्हा नाव काढलं नाही. नुसतं म्हणाली, "तुम्हाला खोटं बोलता येत नाही नीट. प्रयत्न करू नका."

ती साडेबाराला आली. मी खिडकीतून नक्कल न देता तिला दाराने आत बोलावलं आणि मागच्या टेबलाजवळ खुर्ची दिली. घड्याळ जेवायला गेला होता. तिने बसण्याआधीच पानं उलटली. चौदा काढला. वाचला. मी तिच्याकडे बघत होतो आणि वाटत होतं, हिला कोणी तरी पाणी द्या. तिचा चेहरा काही फार बदलला नाही. जे ठाऊकच होतं ते परत कळल्यावर माणूस जसा दिसतो तशी ती दिसली. "म्हणजे आहेच हे," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, झेरॉक्स आहे, काही तरी पुसट झालं असेल, मी चुकीचं वाचत असेन." मग शेवटचं पान काढून, माझ्याकडे न बघता, सांगायचं म्हणून, "ह्यात दर दुसऱ्या रविवारी भेट लिहिलीय, काका. मी खिडकीत बसायचे. ती एकदाही आली नाही. बाबा म्हणायचे, तिला वेळ नसतो. मी तिला किती बोलले मनातल्या मनात. आणि ती घाबरत होती. मी घाबरेन म्हणून ती येत नव्हती. तिच्या शेजारच्या बाईंनी सांगितलं, शाळा सुटायच्या वेळेला ती यायची कधीकधी, लांबून बघून जायची. मला हे बोललेलं आठवतही नाही, काका. सात वर्षांच्या मुलीला काय कळतं, असं सगळे म्हणतात. पण बोलले ना मी?"

"नाही," मी म्हटलं. "तू नाही बोललीस." हे म्हणायला मला सतरा वर्षं लागली आणि म्हणताना श्वासही लागला नाही. मी पिशवीतून वही काढली, पान उघडलं, आणि तिला कोण, काय, कसं ते सांगितलं: दाराजवळ बसलेला मी, जुनी फाइल, दुसरी मुलगी, चौदा. फोनचं सांगितलं नाही. ती वहीकडे बघत होती, त्या रेघांकडे. "ह्यात काय लिहिलंय?" मी बोट ठेवून वाचलं, साहेब सांगायचे त्याच संथ चालीत, दुसऱ्या कोणत्या चालीत ते मला वाचताच येत नाही. "मुलीला चेंबरमध्ये विचारले असता तिने कोणाकडे राहायचे याबद्दल काहीही सांगितले नाही. तिने फक्त एवढेच विचारले की, आई बाहेर आहे ना. आई बाहेर असल्याचे सांगितल्यावर ती शांत झाली. यावरून आईविषयी तिच्या मनात ओढ आहे हे उघड दिसते. असे असूनही केवळ परिस्थिती पाहता मला पुढील निष्कर्षाला यावे लागते, याचा मला खेद आहे." ती म्हणाली, "पुन्हा वाचा." मी पुन्हा वाचलं. "पुन्हा." तिसऱ्यांदा वाचताना शेवटचं वाक्य मी नुसतं ओठांनी म्हटलं.

"तिला हे मिळायला हवं होतं," ती म्हणाली. मी म्हटलं, "हो." "तुम्हाला कधी कळलं?" "आठव्या दिवशी." ती बोटांवर काहीतरी मोजायला लागली आणि मध्येच सोडून दिलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मी म्हटलं, मी लिहून देतो, सहीनिशी, आजच, तू अर्ज कर, चौदा दुरुस्त होईल, माझं काय व्हायचं ते होऊ दे. तिने मान वर केली. "दुरुस्त करून कोणाला दाखवू, काका?" ह्याला कोणत्या नियमात उत्तर आहे? मी बत्तीस वर्षं दोन्ही बाजूंचं ऐकलं, पण तिथे मध्ये नेहमी साहेब असायचे. आता ती एका बाजूला, मी एका बाजूला, आणि मध्ये खुर्ची रिकामी. कोणी येऊन 'बास, हे इथं थांबलं' असं म्हणणार नव्हतं. मी हात जोडले. तिने ते पाहिले आणि पाहिले नाहीत. "मला आत्ता काही सांगता येणार नाही," ती म्हणाली, रागाने नाही, खरोखर विचार करून. "तुम्ही लिहून ठेवा. मी येईन परत. कदाचित नाही येणार." मग नक्कल घडी घालून पिशवीत ठेवली, उठली, आणि दाराशी जाऊन थांबली. "मी विचारलं तेव्हा, तुम्ही खरंच बघितलं होतं का? की नुसतंच आहे म्हणालात?" मी म्हटलं, "दार उघडून बघितलं. नळापाशी जो खांब आहे ना, त्याला टेकून उभी होती. तुझं दप्तर होतं हातात. दोन्ही हातांनी असं धरलेलं." मी हात छातीशी घेऊन दाखवलं. तिने ते नीट बघून घेतलं आणि दार ओढून गेली.

मी टेबलाशी बसून कागद घेतला. वर तारीख घातली, खाली लिहिलं, 'माझ्या हातून', आणि पुढचं लिहू लागलो. हे टिपण मला तोंडपाठ होतं. घड्याळ जेवून आला, हात पुसत, दात कोरत. खिडकी उघडायची वेळ झाली होती. "झालं का त्या ताईंचं?" त्याने विचारलं. "गेल्या का? बाहेर कोणी आहे का अजून?" मी उठलो आणि दार जरासं उघडलं. बोळकांडीत माणसं ये-जा करत होती, एक वकील फोनवर ओरडत होता, नळ ठिबकत होता. ती खांबाला टेकून उभी होती, पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरून, आणि आमच्या दाराकडे बघत होती. ह्या वेळी मी नजर चुकवली नाही.

"आहे," मी म्हटलं. "बाहेरच आहे."